सलग चाळीस हेक्टर

एनस्खेडेच्या बाहेर, जर्मनीच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या शेतांत जागोजागी लहान लाकडी खोपटी उभी आहेत. उतरतं छप्पर, एक कुलूपबंद दार, खिडकी नाही. नवऱ्याच्या संशोधनासाठी आम्ही इथे आलो तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, ती मेंढपाळांची असतील. मग डच भाषेच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं की त्या प्रत्येक खोपट्याखाली एक विहीर आहे. पाण्याची नाही, मिठाची. जमिनीच्या पोटात खूप खोल मिठाचा थर आहे. वरून पाणी सोडायचं, मीठ विरघळवायचं आणि ते खारं पाणी नळाने कारखान्यात न्यायचं. वर गाई चरत असतात, त्यांना याचा पत्ता नसतो.

नवरा दिवसभर विद्यापीठात. माझ्या हाताला काम नव्हतं आणि भाषा येत नव्हती. मी चालायला लागले. घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर एक मातीची वाट होती. तिच्या तोंडाशी हिरवी पाटी होती आणि ती पाटी मी शब्दकोश घेऊन वाचली, म्हणून माझ्या लक्षात राहिली. सूर्योदय ते सूर्यास्त मोकळं, फक्त रस्त्यांवर आणि पायवाटांवर. मला वाटलं, सरकारी असेल.

एका ऑक्टोबरात मी त्या वाटेवरून उतरून कुरणाच्या कडेला काळ्या बोरांसारखी फळं तोडत होते. मागून कुणीतरी हाक मारली. सत्तरीच्या पुढचा एक उंच माणूस, रबरी बूट, खाकी कोट, खांद्यावर बंदूक आणि पायाशी तपकिरी कुत्रा. मी इतकी घाबरले की हातातली फळं खाली टाकली. त्यांनी ती वाकून उचलली, माझ्या डब्यात घातली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की वाटेवर चाल. मी तोडक्या भाषेत माफी मागितली आणि विचारलं की ही जमीन कुणाची.

ते म्हणाले, "वाट तुझी, माझ्या मर्जीने. गवत माझं. खालचं मीठ कंपनीचं. आणि ससा कुणाचाच नाही, जोवर मी तो मारत नाही तोवर."

हे सगळं मला घरी जाऊन नवऱ्याला विचारल्यावर समजलं. ती वाट त्यांच्या वडिलांनी लोकांसाठी मोकळी केली होती, कायद्याने नव्हे तर आपखुशीने. शिकारीचा हक्क त्यांचा स्वतःचा होता, कारण जमीन त्यांची होती. आणि जमिनीखालचा हक्क फार पूर्वीच सरकारने मीठ काढणाऱ्यांना दिलेला होता. एकाच शेताचे इतके मालक असू शकतात, हे मला नवीन होतं.

मी त्यांना मेनेर म्हणायचे, म्हणजे महाशय. ते मला 'तू' म्हणायचे, मी त्यांना 'तुम्ही'. त्यांची बायको वारली होती, मुलगी दूर झूटरमेरला नोकरीला होती. गाई त्यांनी कमी करत आणल्या होत्या. पुढची काही वर्षं आमचं बोलणं एवढंच होतं, की आज वारा आहे, काल बदकं उतरली, तुझी डच सुधारली. मला नोकरी लागली, एका दवाखान्यात स्वागतकक्षात, अर्धा दिवस. तरी वाट सुटली नाही.

मग आई गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर मी बाबांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं.

बाबा चंद्रपूर जिल्ह्यात वनरक्षक होते. तीस-बत्तीस वर्षं जंगलात पायी फिरलेला माणूस. निवृत्त होताना वनपाल झाले, पण स्वतःला वनरक्षकच म्हणवायचे. त्यांनी फासे लावणारे पकडले, रात्री जीपमधून येणारे शिकारी पकडले, एकदा तर एका आमदाराच्या पाहुण्याला पकडलं आणि त्याबद्दल बदली पत्करली. लहानपणी आमच्या घरी जप्त केलेल्या लोखंडी सापळ्यांची चित्रं असलेली एक सरकारी पुस्तिका होती. गोष्टींच्या पुस्तकाऐवजी मी ती बघायचे.

एनस्खेडेला आल्यावर पहिले आठ दिवस ते खिडकीशी बसून राहिले. आईच्या आजारपणात त्यांची झोप गेली होती, ती परत आली नव्हती. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवायचे आणि पुन्हा खुर्चीत. नवव्या दिवशी मी त्यांना स्वेटर, कोट, मफलर असं सगळं चढवलं आणि वाटेवर घेऊन गेले. अर्धा किलोमीटर ते खाली मान घालून चालले. मग एका ओहळाशी थांबले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि चिखलात बघत म्हणाले, "भेकर हाय वो इथं."

इथल्या त्या लहान हरणाला डचमध्ये वेगळं नाव आहे. पण ते भेकरासारखंच दिसतं आणि भेकरासारखंच भुंकतं. बाबांनी ते न बघताच नुसत्या खुरांवरून ओळखलं होतं.

नेमके तेव्हाच मेनेर समोरून आले. खांद्यावर बंदूक होती. बाबा ताठ झाले. मी ओळख करून द्यायच्या आत ते मला म्हणाले, "लायसन हाय का याच्याजवळ, विचार."

मी म्हटलं, बाबा, इथे असं विचारत नाहीत. ते म्हणाले, बंदूक दिसली की विचारावंच लागते. मी ओशाळून मेनेरना सांगितलं, की माझे वडील जंगलखात्यात होते आणि त्यांना तुमचा परवाना बघायचा आहे. मला वाटलं, ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी बंदूक उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, कुत्र्याला खाली बसवलं, आतल्या खिशातून परवाना काढला आणि दोन्ही हातांनी बाबांच्या पुढे धरला. बाबांनी चष्मा लावला. एक अक्षर वाचता येत नसताना त्यांनी तो पुढून मागून तपासला, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, तारखेवर बोट ठेवलं. मग परत केला आणि सलाम ठोकला.

मेनेरनीही टोपीला हात लावला.

त्या दिवसापासून सकाळी दहा वाजता आम्ही वाटेवर असायचो. माझ्या कामाच्या दिवशी बाबा एकटे जायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण चिखल दोघांनाही वाचता येत होता. बाबा काडीने ठशाभोवती गोल काढायचे, मेनेर नाव सांगायचे, बाबा मराठीत नाव सांगायचे. मी असले की मधे पूल व्हायचे. एकदा बाबांनी एका मादीच्या खुरांची ओळ दाखवून सांगितलं, की ही पुढचा डावा पाय पुरता टेकवत नाही, तिला काहीतरी लागलंय. मेनेरनी मान हलवली, पण त्यांना ते फारसं पटलं नसावं. तीन दिवसांनी ते आमच्या घरी आले, ती एकच वेळ ते आपण होऊन आले. लंगडणारी मादी त्यांनी दुर्बिणीतून पाहिली होती. हे बाबांना सांगावं म्हणून ते सायकलवरून एवढं अंतर आले होते.

येताना त्यांनी एक फेझंट आणला होता, सोललेला, कागदात गुंडाळलेला. आपल्या रानकोंबड्याच्या जातीचा पक्षी. बाबांनी तो हातात घेतला नाही. मला हळूच म्हणाले, ज्याच्यासाठी माणसं धरली, हातकड्या घातल्या, ते मी कसं खाऊ. मी मेनेरना सांगितलं की बाबा शाकाहारी आहेत. त्यांनी पक्षी परत पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी अंडी दिली.

बाबांना हे आवडलं नाही. "खोटं काहून बोलली? त्यानं मले कागद दाखवला होता," ते म्हणाले. दोन-तीन दिवस ते मागे लागले, तेव्हा मी वाटेवर मेनेरना खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, हे कारण जास्त चांगलं आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांनी आम्हाला पहिल्यांदा स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर कॉफी, केक आणि एक पत्र होतं. पत्र कंपनीचं होतं. जुन्या विहिरींतून निघणारं मीठ संपत आलं होतं. नव्या विहिरी त्यांच्या शेताच्या मधल्या पट्ट्यात खोदायच्या होत्या. तिथवर पक्का रस्ता होणार होता, नळ टाकले जाणार होते आणि दोन्ही बाजूंनी कुंपण. हे कंपनीला करता येतं का, असं मी विचारलं. ते उठले आणि कपाटातून एक पिवळी पडलेली फाईल घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी फार पूर्वी सही केलेला करार होता. लागेल तेव्हा, लागेल तिथे, जमिनीचा पृष्ठभाग वापरायला द्यायचा. त्या वेळी दोन खोपटी उभी राहिली होती आणि नंतर इतकी वर्षं काहीच झालं नाही, म्हणून घरातले सगळे विसरून गेले होते.

"मी विसरलो नव्हतो," मेनेर म्हणाले. "मला वाटलं होतं, माझ्यानंतर होईल."

मग त्यांनी मला शिकारीचा नियम समजावला, कारण मला तो माहीत नव्हता. शिकारीसाठी जमीन चाळीस हेक्टर लागते आणि ती सलग लागते. त्यांची बेचाळीस होती. कुंपण मधून गेलं की दोन तुकडे होणार, दोन्ही चाळीसपेक्षा लहान. म्हणजे त्यांच्या जमिनीवर शिकारीचा हक्क उरणार नाही. आणि शिकारीला जमीन नसेल तर बंदुकीचा परवानाही पुढे मिळत नाही. शेजारच्या शिकाऱ्यांनी त्यांना आपल्या गटात ये म्हणून सांगितलं होतं. त्यांनी नकार दिला होता. म्हणाले, चौदाव्या वर्षापासून मी याच बांधावरून फिरतोय, आता दुसऱ्याच्या शेतात पाहुणा म्हणून बंदूक घेऊन कुठे जाऊ. आणि वाटेचं काय, असं मी विचारल्यावर त्यांनी पत्राकडे बोट केलं. वाट त्याच मधल्या पट्ट्यातून जात होती.

मी हे सगळं बाबांना सांगत होते. ते ऐकत होते आणि बोटाने टेबलक्लॉथच्या चौकटी गिरवत होते. खाण, कुंपण, करार, यातला एकही शब्द मला समजावून सांगावा लागला नाही.

गावातल्या सभागृहात माहिती देण्याची बैठक झाली. भिंतींवर मोठे नकाशे, कॉफीचे थर्मास, बिस्किटं. पंचवीस-तीस लोक असतील. कंपनीकडून आलेली मुलगी माझ्याहून लहान होती, नम्र होती आणि प्रत्येक प्रश्न वहीत लिहून घेत होती. मेनेर मागच्या रांगेत बसून राहिले. त्यांच्या हक्काबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

मी उभी राहिले आणि विचारलं, की आम्ही इतकी वर्षं चालतो त्या वाटेचं काय होणार. उत्तर नगरपालिकेच्या माणसाने दिलं. ही वाट सार्वजनिक रस्त्यांच्या नोंदीत नाही. मालकाने परवानगी दिली होती म्हणून लोक चालत होते. परवानगीतून हक्क तयार होत नाही. त्याच्या बोलण्यात कुठेही उद्धटपणा नव्हता, त्यामुळे मला त्याच्यावर रागावताही येईना. मी खाली बसले.

बाबांनी माझ्या बाहीला हात लावला. "मले एक विचारायचं हाय."

मी भाषांतर केलं. "माझ्या वडिलांचं म्हणणं आहे, की या नकाशात सगळ्यांचा रस्ता आहे. ट्रकचा आहे, नळाचा आहे. हरणं पहाटे अलीकडून पलीकडे पाण्यावर जातात. त्यांचा रस्ता दाखवा."

सभागृहात कुणी हसलं नाही. त्या मुलीने नकाशावर बोट फिरवलं. लहान प्राण्यांसाठी कुंपणाखालून जागा ठेवली आहे, ती म्हणाली, हरणांना मात्र वळसा घालून जावं लागेल. बाबांनी विचारलं, किती वळसा. तिला माहीत नव्हतं. तिने तेही लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर आम्ही बसने आलो नाही, बाबांना चालायचं होतं. दुपार होती, आभाळ खाली आलेलं. बाबा मधेच बोलायला लागले आणि जे सांगितलं ते मला, त्यांच्या मुलीला, कधी माहीत नव्हतं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत त्यांचं क्षेत्र कोळशाच्या खाणीला गेलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. घरात त्याची चर्चा नव्हती. कोळसा खाली होता आणि जंगल वर होतं, म्हणून जंगल काढायचं ठरलं. झाडांची मोजणी करून नंबर टाकायचं काम बाबांना आलं. ज्या झाडांच्या कडेने ते वीस वर्षं चालले, त्यांच्या बुंध्याची साल तासून ते आकडे घालत गेले. महिनाभर ते काम चाललं. मग तारेचं कुंपण पडलं आणि गावातल्या लोकांना आत येऊ द्यायचं नाही असा हुकूम आला. त्या लोकांना आजवर निस्ताराचा हक्क होता, म्हणजे सरपण, मोहफुलं, तेंदू, घराला लागतील तेवढे बांबू. तो त्या क्षेत्रापुरता रद्द झाला होता.

एक बाई रोज पहाटे मोहफुलं वेचायला यायची. म्हातारी होती. बाबा तिला नावाने ओळखायचे, तिच्या घरचं पाणी प्यायलेले. हुकूम आल्यावरही ती आली, तारेखालून सरपटून. बाबांनी तिला अडवलं.

"मी तिले म्हटलं, बाई, आता हक्क नाही राहिला. तर ती म्हणे, कोणाचा नाही राहिला, माझा का झाडाचा? मी खिशातून कागद काढून दाखवला तिले. तिले का वाचता येते?"

"मग?"

"मग तिनं टोपली माझ्या पायाजवळ उलटी केली अन् चालली गेली." "कागद बरोबर होता. मी कधी चुकीचा कागद कोणाले नाही दाखवला. तुझ्या आईले नाही सांगितलं मी हे कधी."

मी त्यांचा हात धरला. थंडीने बोटं गारठली होती. मला काहीतरी म्हणायचं होतं, की तुमचा काय दोष, तुम्ही नोकरी करत होता. पण ते स्वतःच हे वाक्य इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आले असणार, हे मला कळत होतं.

डिसेंबरात मेनेरनी आपल्या जमिनीवरची शेवटची शिकार ठरवली. कुंपणाचं काम नवीन वर्षात सुरू होणार होतं. त्यांनी बाबांना बरोबर चालायला बोलावलं. मी ते आमंत्रण सांगताना अडखळले, कारण मला उत्तर माहीत होतं. पण बाबा म्हणाले, येतो.

सकाळी दव गोठून गवत पांढरं झालं होतं. मेनेर, कुत्रा, बाबा आणि मी, असे आम्ही चौघे बांधाबांधाने चाललो. फळं तोडताना सापडले होते त्यानंतर मी पहिल्यांदाच त्या शेतात वाटेबाहेर पाय टाकत होते, या वेळी मालकाच्या सोबतीने. दोन ससे उठले, मेनेरनी बंदूक उचललीही नाही. ससे लांब होते की मेनेर नुसते बघत राहिले होते, मला कळलं नाही. तिसरा नांगरलेल्या पट्ट्यातून उठला आणि त्यांनी तो एका गोळीत पाडला. आवाजाने मी दचकले. बाबा हलले नाहीत. कुत्र्याने ससा आणून मेनेरच्या पायाशी ठेवला. मेनेरना खाली वाकायला त्रास होत होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाबा पुढे झाले, त्यांनी ससा मागच्या पायांना धरून उचलला आणि घरापर्यंत तसाच नेला. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. मी मुद्दामच मागे राहिले.

संध्याकाळी मेनेरनी तो रांधला आणि आम्हाला जेवायला बसवलं. बाबांच्या ताटात त्यांनी न विचारता उकडलेले बटाटे आणि लाल कोबी वाढली, मांस वाढलं नाही. बाबांनी सगळं खाल्लं आणि कोबी मागून घेतली. निघताना बाबांनी त्यांच्या हातात हात दिला आणि मराठीत म्हणाले, "तुमचा बीट चांगला ठेवला तुम्ही." बीट म्हणजे वनरक्षकाच्या गस्तीचा भाग. मी त्याचं डच करून सांगितलं. वनरक्षकाच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नसते, हेही सांगितलं.

बाबा वर्ष संपण्याआधी परत गेले. विमानतळावर त्यांनी मला बजावलं, त्या माणसाकडे लक्ष ठेव. फेब्रुवारीत एका सकाळी भावाचा फोन आला. बाबा पहाटे फिरायला गेले होते, परत येऊन ओसरीवर बसले आणि बसल्या जागी गेले. ॲम्स्टरडॅमहून विमान, मग मुंबई, मग नागपूर, मग चार तासांची गाडी. मी पोचले तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. दारात पेटवलेल्या अग्नीची राख थंड झालेली होती. बाबांच्या जुन्या क्षेत्राकडे भावाने मला नेलं. जिथे जंगल होतं तिथे आता एवढा खोल खड्डा आहे की तळाशी फिरणारे ट्रक खेळण्यातले वाटतात. अस्थींतला एक भाग तिथे कुठे विसर्जित करावा असं मनात आलं होतं, पण फाटकावरच्या रखवालदाराने परवानगीचा कागद मागितला. आम्ही परत फिरलो आणि सगळ्या अस्थी वैनगंगेत सोडल्या.

मार्चमध्ये एनस्खेडेला आले. दुसऱ्या दिवशी वाटेवर गेले तर पाटी काढलेली होती, खांबाच्या जागी खड्डा होता. पुढे पिवळ्या यंत्रांचा आवाज आणि लाल-पांढरी पट्टी. मी वळसा घालून मेनेरच्या घरी गेले आणि दारातच सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं, कॉफी केली, दोन कप मांडले, एक माझ्यापुढे सरकवला आणि दुसरा तसाच धरून उभे राहिले. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. ते तोंड फिरवत नव्हते, पुसत नव्हते, नुसते उभे होते.

मग ते म्हणाले, "मला पोलिसांकडे नेशील? बंदूक जमा करायची आहे. मी थांबलो होतो. म्हटलं, त्याने परवाना तपासलाय, त्याला कळवून मग करू."

दोन दिवसांनी मी त्यांना गाडीने नेलं. बंदूक कुलूपबंद पेटीत डिकीत होती, काडतुसं वेगळ्या डब्यात. पोलिस ठाण्यातल्या तरुण बाईने कागद भरले. शिकार बंद करण्याचं कारण, असा एक रकाना होता. तिने विचारलं, जमीन विकली का.

"नाही. जमीन आहे," मेनेर म्हणाले. "सलग नाही."

तिने काहीतरी टाइप केलं. काय टाइप केलं ते आम्ही विचारलं नाही. पावती मिळाली. गाडीत बसल्यावर त्यांनी ती चार घड्या करून खिशात ठेवली आणि म्हणाले, आता बेकरीत थांबूया, ब्रेड संपलाय.

वाट बंद करण्याविरुद्ध मी एक हरकत पाठवली होती, स्वतःच लिहून, नवऱ्याकडून व्याकरण तपासून घेऊन. तिचं उत्तर मे महिन्यात आलं. आपण त्या जागेपासून दूर राहता, तिथे आपली मालमत्ता नाही, आपल्या घरातून ती जागा दिसत नाही, म्हणून या निर्णयात आपण संबंधित व्यक्ती ठरत नाही. दीड पान होतं. मी ते दोनदा वाचलं. पहिल्या पाटीसारखा शब्दकोश आता लागत नव्हता, सगळं एका वाचनात समजत होतं.

मेनेर अजून त्या घरात आहेत. शेवटच्या गाईही गेल्या. मुलगी त्यांना झूटरमेरला बोलावते, ते जात नाहीत. बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीत इतकं घट्ट बसवलंय की काढता येत नाही, म्हणून त्यात कुत्र्याचं खाणं ठेवतात. गुरुवारी माझी सुट्टी असते. मी जाते आणि आम्ही मोठ्या रस्त्याच्या कडेच्या सायकलमार्गावरून चालतो, एकामागे एक, कारण मागून घंटी वाजली की बाजूला व्हावं लागतं. ते पुढे, मधे कुत्रा, मागे मी. अशा चालण्यात बोलता येत नाही. कधी ते थांबतात, वळून बाबांबद्दल काही विचारतात, त्यांचं पहिलं क्षेत्र कुठलं, त्यांनी वाघ किती पाहिले. मला ठाऊक असतं तेवढं मी सांगते. बऱ्याच गोष्टी मला ठाऊक नाहीत. विचारायला हवं होतं, असं मी म्हणते, ते मान हलवतात आणि आम्ही पुढे चालू लागतो.